लेकीच्या गावचं मैदान

फुटबॉल मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा माझी सत्तरी उलटून गेली होती. पाहिला तोही कडावजवळच्या आमच्या घराच्या ओटीवर बसून, पहाटे पाचला, चहा पिता पिता. खेळ चालला होता अमेरिकेत, माझ्या लेकीच्या गावात. तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि इथे आमचा कोंबडा आरवत होता. लेकीने मोबाईल कुंपणाला टेकवून ठेवला होता. शेजारच्या टेंपोवाल्याने तो खेळ आमच्या टीव्हीवर कसा आणला ते मला विचारू नका. मी चौथीत शाळा सोडली. पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे मला शिकवायला या पंचक्रोशीत कुणी येऊ नये, एवढं मला कळतं. निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी तसं वाटत होतं.

आधी लेकीचं सांगतो. ती लग्न होऊन तिकडे गेली. जावई हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळतो, त्याला पाळ्या असतात. पहिली दोन वर्षं पोर फोनवर आईला एवढंच विचारायची, "आज कालवण काय केलंस?" आणि पुढे गप्प. नुसता श्वास ऐकू यायचा. आमची म्हातारी फोन ठेवून चुलीपुढे जाऊन बसायची आणि धूर नसतानाही डोळे पुसायची. मी काय करणार? नेरळला असती तर टेंपोत बसून गेलो असतो.

मग एका थंडीत तिने वाचनालयाच्या दारावर चिठ्ठी पाहिली. गावच्या फुटबॉल क्लबच्या बाकांवर बर्फ साचलाय, ज्याला जमेल त्याने फावडं घेऊन यावं. ही गेली. बांधावर वाढलेली पोर, फावडं तिला काय नवीन! त्या दिवसापासून तिचा फोनच बदलला. सारखं आपलं, "बाबा, आमचा क्लब असा, आमचा क्लब तसा."

मी म्हटलं, "आमचा म्हंजी कोणाचा गं?"

"आमचा म्हंजी आमचाच. गावाचा."

"मालक कोण?"

"मालक नाय."

"मंग अध्यक्ष?"

"हाय एक बाई. बेकरी हाय तिची. दर वर्षाला हात वर करून निवडतात."

"आनि जर्शीवर फोटो कोणाचा?"

ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. "जर्शीवर झाड हाय बाबा. नुसतं झाड."

मला पटेना. आमच्याकडे कबड्डीचा संघ काढायचा म्हटलं की आधी अध्यक्ष ठरतो, मग बॅनर लागतो, आणि मग सात गडी कुठे मिळतात ते शोधायला निघतात. बॅनरवर खेळाडूंचे फोटो मावले तर मावले. बिनमालकाची वस्तू मी आजवर एकच पाहिली होती, पळसदरीच्या स्टेशनवरचं कुत्रं. त्यालाही सगळे खायला घालायचे हे मात्र खरं.

मग तिने मला त्या क्लबाची कूळकथा सांगितली. एका दमात नाही. कधी भांडी घासता घासता, कधी बसची वाट बघता बघता. मी ऐकत गेलो.

त्या गावात कागदाचा कारखाना होता. कारखान्याचा संघ होता. कारखाना बंद पडला तसा संघही गेला, मैदानात गवत कमरेएवढं वाढलं. बरीच वर्षं तसंच. मग जी स्वतः किंवा ज्यांचे बाप त्या कारखान्यात होते अशी काही माणसं आगीच्या बंबाच्या खोलीत जमली. खुर्च्या पुऱ्या पडल्या नाहीत म्हणून अर्धी माणसं बंबाच्या पायरीवर बसली. त्यांनी ठरवलं, संघ पुन्हा काढायचा, पण या वेळी असा काढायचा की कुणाला तो बंद करता येणार नाही, विकता येणार नाही, उचलून दुसऱ्या गावाला नेता येणार नाही. ज्याने नाव घातलं त्याला एक मत. डॉक्टरला एक, बसच्या ड्रायव्हरला एक. गवत त्यांनीच कापलं. बाकं त्यांनीच रंगवली, रंग कारखान्याच्या गोदामात उरलेला हिरवा, म्हणून जर्शीही हिरवी. पहिल्या सामन्यात एवढे गोल खाल्ले की गोल मोजणाऱ्या माणसाकडच्या आकड्यांच्या पाट्या संपल्या, तर त्याने पुढचा आकडा खडूने लिहिला. आणि लोक टाळ्या वाजवत होते!

खेळणारेही तसेच. एक शाळामास्तर, एक छपरं दुरुस्त करणारा, एक कॉलेजातला लांबलचक पाय असलेला. तिथल्या मोठ्या लीग पार वर, आणि यांची इतकी खाली की खालून मोजायला लागलं तर लवकर सापडेल.

मी विचारलं, "जितलं तर वरच्या लीगमंदी घेतात ना?"

"नाय बाबा. इकडं तसं नसतं. जितलं तरी वर नाय, हरलं तरी खाली नाय. जिथं हाय तिथंच."

मी चहाची बशी खाली ठेवली. "मंग खेळतात कशाला?"

आतून म्हातारी म्हणाली, "तुमी दर वर्साला भात लावता, तवा कंच्या वरच्या लीगमंदी गेलात?"

मी बशी उचलून उरलेला चहा संपवला. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला लेकीचा फोन आला आणि तिचा आवाज पुन्हा तसाच, जुना. मैदानात पाणी राहू लागलं होतं. तिकडे एप्रिलात बर्फ वितळतो. दोन वर्षांपासून एका गोलापुढची जमीन अशी भिजायची की पाय घोट्यापर्यंत आत. लीगची माणसं महिनाभरात मैदान तपासायला येणार होती. मैदान ओलं सापडलं तर तिथे खेळायची परवानगी नाही. दुसरं मैदान त्या गावात नाही, आणि दुसऱ्या गावात जाऊन खेळायचं तर क्लब गावाचा कसा राहणार? लोक म्हणायला लागले होते, या वर्षी बंद करूया, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे म्हणजे काय होतं ते मी या वयात पुरेपूर जाणतो.

"त्यांनी वाळू टाकली, बाबा. वाळू पन गेली खाली."

"वाळू टाकून पानी जातंय व्हय? पानी काय मांजर हाय, वाळू बघून जायला?" मी म्हटलं. "मला दाखव."

तिने फोन फिरवून मैदान दाखवलं. हिरवंगार, सपाट, आमच्या कुणाच्याही खाचरापेक्षा देखणं. एका टोकाला गवताचा रंग काळपट. मी एका नजरेत ओळखलं. पाणी वरून पडलेलं नव्हतं, खालून येत होतं. उपळ फुटला होता, जमिनीच्या पोटातला झरा.

"मावळत कुठल्या अंगाला?" मी विचारलं.

तिने काळपट गवताच्या बाजूलाच हात केला.

"मंग झालं तर! तिकडंच पानी जायला बघतंय आनि त्याला वाट नाय. गोलापासून मावळतीच्या कुंपणापातूर चर मारा. कमरेइतका. दोन दिवसांत खडखडीत."

हे मी कशाच्या जोरावर बोललो ते सांगतो. आमच्याकडे डोंगर उगवतीला. सह्याद्रीवरून उतरलेला प्रत्येक ओहोळ मावळतीकडे नदीला जातो. खालापूरच्या अंगाला जा, तिथेही पाणी मावळतीलाच धावतं, खाडीकडे. माझ्या आयुष्यात मी एकही बांध असा फोडला नाही की पाणी उगवतीला गेलं. सूर्य आणि पाणी एकाच वाटेने जातात हे मला इतकं पाठ होतं की ते पाठ आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मी तिला विचारलंच नाही की तुमची टेकडी कुठे आहे.

लेकीने सभेत उभं राहून सांगितलं, माझे बाबा साठ वर्षं पाण्यात उभे आहेत, त्यांना कळतं. शनिवारी वीस-बावीस माणसांनी कुदळी-फावडी घेऊन चर खणला. बेकरीवाली बाई, छपरवाला, शाळामास्तर, जावईसुद्धा रात्रपाळी करून तसाच आलेला. त्यांच्यात एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. कागदाच्या कारखान्यात तिची उमर गेली होती आणि आता ते गवत तीच सांभाळायची. आगीच्या बंबाच्या खोलीत पायरीवर बसलेल्यांतली ती. तिला हे पटलं नव्हतं. लेकीने पुढे कधीतरी कबूल केलं, ती म्हणाली होती, "तुझ्या बापाला सांग, इथे भात पिकत नाही." पण तीही खणत होती.

तिकडे टेकडी मावळतीला होती. चर उताराला न जाता चढाला गेला. दुसऱ्या दिवशी टेकडीचं पाणी त्या चरातून उलटं आलं आणि अर्धं मैदान भरलं. लेकीने फोनवर काही न बोलता नुसतं दाखवलं. पाण्यात गोलाचे खांब उलटे दिसत होते. एक बदक पोहत होतं.

मी म्हटलं, "त्यांनी नीट खणला नसंल." आणि फोन बंद केला.

दोन दिवस मी फोनला हात लावला नाही. उन्हाळी भाताला कालव्याचं पाणी द्यायचं निमित्त करून शेतावरच बसून राहिलो. तिथे पाट वाहत होता, मावळतीकडे. मी त्याच्याकडे बघत राहिलो. कितीतरी वेळाने माझ्या डोक्यात आलं की हे पाणी सूर्याच्या मागे जात नाहीये. ते नुसतं उतरतंय. मावळत त्याच्या वाटेत आहे, एवढंच. तुम्ही हसाल, पण सत्तरी पार केलेल्या माणसाला ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. साठ वर्षं रोज बघितलेली गोष्ट मी बघितलीच नव्हती.

घरी आलो तर म्हातारी दारातच. "पोर रडत हुती. तिचा क्लब गेला तर ती परत त्या चार भिंतीत एकटी. तुमच्या नाकापायी."

"माझ्या नाकाचं नाव घेऊ नको."

"मंग कोणाच्या नाकाचं घेऊ?"

मी फोन लावला. लेक "बाबा" म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "माझं चुकलं."

आत भांडं पडलं. म्हातारी बाहेर आली. "काय म्हनालात? परत म्हना, मला नीट आयकू नाय आलं."

"तू आत जा गं!" मी ओरडलो. आणि लेकीला म्हटलं, "शनिवारी समद्यांना बोलव. माझं चुकलं हे त्यांनापन सांगायचं हाय. आनि मला ते मैदान बघायचं हाय, पन डोळ्यानं नाय, पायानं. तू चप्पल काढून चालशील?"

ती म्हणाली, "बाबा, कालपरवापातूर बर्फ हुता इथं."

"मंग लवकर कळंल."

आमच्याकडे उपळ शोधायचा तर पायाने शोधतात. हाताला कळत नाही, डोळ्याला फसवतं. अनवाणी चालायचं, हळू, आणि जिथे तळव्याला एकदम गारवा लागतो तिथे काठी रोवायची. काठ्यांची रांग लागली की पाण्याची वाट दिसते. हे तिला मी पाचव्या वर्षी शिकवलं होतं, खेळ म्हणून.

शनिवारी आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. मी ओटीवर, टेंपोवाल्याने टीव्ही लावलेला. लेकीने जावयाच्या हातात फोन दिला, बूट काढले, मोजे काढले आणि चालायला लागली. बाकीची माणसं कुंपणाला उभी, कोट घातलेली, खिशात हात. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. "इथं गार हाय." काठी. "इथं नाय." "इथं लय गार, बाबा, पाय बधिर झाले."

"बधिर झाले म्हंजी आता तुला कळनार नाय. थांब."

मग काय करायचं ते मलाही सुचेना. तिच्याशिवाय हे कुणाला येणार होतं? तेवढ्यात ती मैदानवाली म्हातारी कुंपणावरून वाकली. तिने बाकावर बसून बूट काढले. एक पाय, मग दुसरा. सुजलेले, निळ्या शिरांचे पाय, माझ्यासारखेच. ती लेकीजवळ आली, तिला बाजूला केलं आणि चालायला लागली. चार पावलांवर थांबून तिने काहीतरी म्हटलं. लेक म्हणाली, "बाबा, ती म्हनते, हितं गार हाय."

मग शाळामास्तराने बूट काढले. छपरवाल्याने काढले. बेकरीवाली हसत हसत, ओरडत ओरडत आली. बघता बघता त्या थंडीत पंधरा-वीस माणसं अनवाणी, एका रांगेत, लावणीला उतरावं तशी खाली बघत मैदानातून चालत होती, आणि ज्याच्या पायाला गारवा लागेल तो हात वर करायचा, की लेक तिथे काठी रोवायची. मी उठून टीव्हीपुढे जाऊन उभा राहिलो. टेंपोवाला म्हणाला, "आबा, काय झालं?" मी हातानेच त्याला गप्प केलं. ज्यांनी माझं ऐकून एकदा चिखल करून घेतला होता, ती माणसं पुन्हा माझं ऐकून बर्फाच्या पाण्यात पाय घालत होती. कुणी त्यांना सांगणारं नव्हतं, कुणी मालक नव्हता, कुणी बॅनर लावणार नव्हतं.

काठ्यांची रांग लागली. टेकडीकडून गोलामागून येऊन मैदानाच्या पोटात शिरणारी. आता आंधळ्यालाही दिसलं असतं. चुकीचा चर बुजवायचा, टेकडीच्या पायथ्याशी आडवा चर घ्यायचा, आणि तो कुंपणाबाहेरून वळवून उगवतीच्या अंगाला सोडायचा.

"पन उगवतीला खाली कोण हाय?" मी विचारलं. "त्याला विचारल्याबिगर पानी सोडायचं नाय."

लेकीने विचारलं आणि सांगितलं, "तळं हाय. बदकं हायत फक्त."

"मंग बदकांना विचारा," मी म्हटलं. तिने ते सांगितल्यावर मैदानवाली पहिल्यांदा हसली.

पण खणायचं की नाही ते त्यांच्या रीतीने ठरायचं होतं. तिथेच, अनवाणीच सभा भरली. लेकीने फोन त्यांच्याकडे वळवला आणि मी सांगितलं की मागच्या वेळी चूक माझी होती, तुमच्या खणण्याची नव्हती, मी टेकडी विचारली नाही. लेक एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होती आणि मी पंचा पिळत होतो. एक माणूस म्हणाला, पुन्हा बिघडलं तर तपासणीआधी सावरायला वेळ नाही. खरं होतं ते. मग हात वर झाले. मी मोजायला गेलो आणि मला मोजता येईना, डोळ्यांत पाणी आलं होतं. बरेच हात खालीही होते. मैदानवालीचा हात खाली होता. ती वाकून आपले पाय चोळत होती. पाय चोळून झाल्यावर तिने हात वर केला. तिचं एकच मत. पण तिचा हात वर गेल्यावर आणखी चार गेले.

दोन शनिवार-रविवार खणलं. तिसऱ्या आठवड्यात पाऊस झाला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी लीगचा माणूस आला. लेक म्हणाली, त्याने गोलापुढे जाऊन टाच रोवली, अंगाचा भार टाकला, टाच उचलून खाली बघितलं. मग दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. मग कागदावर सही केली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मैदानवाली म्हणाली, "आम्ही." लेकीला वाटलं मला राग येईल. म्हणून ती घाबरत घाबरत सांगत होती. मी तिला म्हटलं, बरोबरच बोलली ती.

मोसमातला घरचा पहिला सामना होता. इथे पहाट, ओटीवर मी, म्हातारी आणि टेंपोवाला. लेकीच्या संघाने तीन गोल खाल्ले, एकही केला नाही. पण गोलापुढे एकाचाही पाय रुतला नाही. शिट्टी वाजली आणि ती सगळी माणसं मैदानात उतरली, हरलेल्यांच्या पाठी थोपटत, गात. कसलं गाणं ते कळलं नाही. लेकीने कुंपणाचा मोबाईल घाईघाईने बाकावर ठेवला आणि तीही धावली. फोन उताणा पडला. टीव्हीभर नुसतं आभाळ दिसायला लागलं, तिकडचं संध्याकाळचं, फिकट, त्यातून एक पक्ष्यांचा थवा गेला. खालून माणसांचे आवाज येत होते. त्यात लेकीचा आवाज होता, मोठ्याने हसणारा. जर्शीवरच्या फोटोला हसली होती ते सोडलं, तर आमच्याशी बोलताना ती असं कधी हसली नव्हती.

"इसरली आपल्याला," म्हातारी म्हणाली. "ठेवा ना आता फोन."

"बस गं जरा," मी म्हटलं.

आम्ही तिघंही ते आभाळ बघत बसलो.